नव्या सिस्टिमचा मुहूर्त

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

आज कॉम्प्युटरनं पुन्हा ती पाटी दाखवली. चौदा ऑक्टोबरनंतर विंडोज दहाची देखभाल बंद होणार, आणि आपलं यंत्र विंडोज अकराच्या अटींत बसत नाही. इतक्या सभ्य इंग्रजीत लिहिलंय की मला लग्नाआधी स्थळांकडून यायची ती नकाराची पत्रं आठवली. 'पत्रिका जुळत नाही' एवढंच लिहायचे.

सबीहानं पाटी वाचली आणि म्हणाली, "पोरगी उमरनं मोठी हाय म्हणते, वं."

आमचं दुकान मोताळ्यात, बसस्टँडच्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, अर्ज, ऑनलाइन फॉर्म. मराठी मी पाहते, उर्दू सबीहा पाहते, आणि यंत्राचे सगळे रुसवेफुगवेही तीच पाहते. मुलं अंगावर होती तेव्हा दोघींनी मिळून हे काढलं. आता तिची नाजिश आणि माझा आल्हाद दोघंही शिकायला परगावी आहेत.

आमची खरी कमाई तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू होते. त्याआधी नवी सिस्टिम निवडून, बसवून, तिच्यावर हात बसला पाहिजे. ऐन लग्नसराईत यंत्र अडलं तर गिऱ्हाईक थांबत नाही, सरळ बुलडाण्याची बस धरतं. नवं यंत्र घेणं यंदा शक्य नाही. राहिलं लिनक्स. ते फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चालतं, असं नाजिशनं आईला फोनवर पढवलंय.

"उद्याच बसवून टाकू," सबीहा म्हणाली.

"उद्या? आजच पितृपक्ष लागलाय."

"फुकटाची चीज घ्यायलेबी तुमचे पितर नाही म्हणतात का?"

"फुकट असलं तरी नवं ते नवंच."

तिनं कपाळावर हात मारला. मी मात्र ठरवलंय, घाई करायची नाही. आपल्या रोजच्या गरजा काय आहेत ते आधी पाहायचं, मग निवडायचं. साडी घेताना मी तीन दुकानं पालथी घालते. सिस्टिमशी तर रोज नांदायचंय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गरजा पाहण्याचं काम पद्धतशीर चालू आहे. निष्कर्ष फारसे अभिमानाचे नाहीत.

मला वाटत होतं की आम्ही दिवसभर पानं जुळवतो. प्रत्यक्षात मी दिवसाचा बराच वेळ 'सेव्ह केलेलं कुठं गेलं' हे शोधण्यात घालवते आणि सबीहा ते सापडवून देण्यात. माझे यजमान भालचंद्र शाळा सुटल्यावर 'सहज' दुकानात येतात, आणि आम्ही चहाला उठलो की खुर्चीत बसून पत्त्यांचा डाव मांडतात. त्यांना विचारलं, नव्या सिस्टिमबद्दल तुमचं काय मत? सातवी-आठवीला विज्ञान शिकवणारा माणूस. गंभीरपणे विचार करून म्हणाले, "त्यात पत्ते आहेत का?"

सगळ्यात मोठी गरज मात्र एकच आहे: जुन्या पत्रिका. आमच्याकडे कोणीही कोऱ्या कागदानं येत नाही. "थोरल्याच्या लग्नाची काढा, अन् नाव बदला," असंच म्हणतात. कारण कोणता काका आधी, कोणता मामा नंतर, कोणाच्या नावामागं 'कै.' लागलं, ही भांडणं थोरल्याच्या वेळीच भांडून झालेली असतात. ती सगळी घराणी या यंत्रात झोपलेली आहेत, एका जुन्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या फाँटमध्ये. ती दुसरीकडे उघडली नाहीत तर आम्ही दोघी रस्त्यावर.

हे मी सबीहाला सांगितलं. ती म्हणाली, "दोघी कशाले, तू तुहं पाह्य." तिला विनोद सुचला की असंच तुटक बोलते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सबीहा पेनड्राइव्ह घेऊन आली. नाजिशच्या सांगण्यावरून तिनं स्वतः तयार केलाय. "बसवायचं नाही, नुसतं पाह्यचं. पितराले सांग, मुलगी पाह्यचा कार्यक्रम हाय, पसंती नाही."

पाहायला हरकत नव्हती. तो पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं की लिनक्स आतून उघडतं, आणि काढून घेतला की मागं काही उरत नाही. पाहुण्यानं यावं, बसावं, आणि जाताना गादीवर सुरकुतीही ठेवू नये, तसं. मला आवडलं.

सबीहानं उर्दूची एक ओळ टाकली. उजवीकडून डावीकडं, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उतरली. तिचा चेहरा उजळला. प्रिंटरही ओळख नसताना चालला. पण जुना पत्रिकांचा प्रोग्रॅम उघडेना.

"मग नाही जमायचं," मी म्हटलं.

"काऊन? दोन्ही ठेवू ना एकाच डब्यात. चालू करताना विचारते, कोणती पायजे. जुनी उघडली की नेटची वायर काढून ठेवजो, म्हणजे बाहेरचं काही शिरत नाही. जुन्या पत्रिका तिच्यात. नेटचं काम अन् उर्दू नवीत."

म्हणजे एका घरात दोन जावा. थोरली जुनी, हट्टी, पण सगळी नाती तिला पाठ. धाकटी चटपटीत, बाहेरची कामं करणारी. मला चित्र पटलं. पण यंत्राच्या पोटात जागा वाटायची म्हणजे मोठं काम, ते पितृपक्षात नको. तसं सांगितलं.

"पितर कधी जातात?"

"रविवारी अमावास्या."

"मंग सोमवारी."

"सोमवारी घट बसतात. आणि बसवायचंच तर सरळ दसऱ्याला बसवू. साडेतीन मुहूर्तांतला एक."

सबीहा माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ती हसेल. हसली नाही. चौदा तारखेची तिनं भलतीच धास्ती घेतलीय. एरवी हिला कशाची भीती वाटत नाही, आणि कंपनीची एक पाटी पाहून गळाठली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

नऊ दिवसांचे उपास, त्यात सबीहानं मला शाळेत घातलंय.

आज प्रिंटरची शाई मला बदलायला लावली. आजवर हे काम तिचं. मी म्हटलं, तुझे हात सराईत आहेत, तू कर. "तू कर," ती म्हणाली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. साबुदाण्याच्या रंगाच्या माझ्या नव्या कुर्त्यावर काळा डाग. "आता शिकली," म्हणे.

काल फाईल कुठं ठेवायची ते शिकवलं, परवा कागद अडकला तर कुठलं झाकण उघडायचं ते. आणि सारखं एकच: "तुह्या हाताले कोणतं सोपं जाते ते सांग." लिनक्सचे चारपाच नमुने असतात, दिसायला वेगवेगळे. तिला तो झगमगीत आवडला होता, तरी तिनं निवडला तो साधा, खाली डाव्या कोपऱ्यात बटण असलेला, कारण मी तिथंच बोट नेते. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिनं माझं कधी ऐकलं नव्हतं. पडद्यावरचं चित्रसुद्धा तीच ठरवायची.

एक गोष्ट खटकली. जानेवारीतल्या एका पत्रिकेचा इसार द्यायला माणूस आला. तो नेहमी सबीहा घेते. आज म्हणाली, "ताईजवळ द्या, नाव ताईचंच लिवा." मी विचारलं, तर, "मले काय करायची जानेवारी," म्हणाली. वय झालं की माणसं उगाच विरक्तीचं बोलतात. मीपण बोलते अधूनमधून, पण मी निदान संध्याकाळी बोलते. ही भर दुपारी.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. दुकान झाडून पुसून लख्ख केलं. दरवर्षीप्रमाणे सबीहानं झेंडू आणले, तोरण तीच बांधते, कारण तिचा हात वर पोचतो. यंत्र, प्रिंटर, कागद कापायची सुरी, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, फूल. सबीहा बाजूला उभी राहून म्हणाली, "तांदूळ कॉम्प्युटरच्या जाळीत टाकू नको हो, मागच्या साली पंख्यात गेले, तर भेळेच्या गाडीवानी आवाज करे."

ती घरी गेल्यावर मला पेनड्राइव्ह दिसला. उद्या याच्याच हातानं नवं येणार, आणि याचीच पूजा राहिली! वाईट वाटलं. टोपण काढून त्यालाही हळदकुंकू लावलं, तेही ओलं करून, नीट टिकावं म्हणून. गोड दिसत होता. नवरदेवासारखा.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. पेनड्राइव्ह चालला नाही.

सबीहानं उलटा करून पाहिला, डोळ्याजवळ नेला. त्या चपट्या तोंडात कुंकू वाळून गच्च बसलं होतं.

"शरयू. हे काय हाय?"

"कुंकू."

"पेनड्राइव्हले?"

"तोही शस्त्रच ना."

सुईनं कोरलं, ब्रशनं झाडलं, काही उपयोग झाला नाही. नवा करायचा तर नाजिशशी पुन्हा फोन, पुन्हा सबीहाच्या घरचं मंद नेट. मी म्हटलं, अगं, त्यात काय, नव्या पेनड्राइव्हचे पैसे मी देते. तर ही एकदम उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल. एका पेनड्राइव्हसाठी! मला इतकं वाईट वाटलं की सोनं म्हणून आणलेली आपट्याची सगळी पानं तिलाच दिली. ती म्हणाली, "पागल हाय तू." मग हसली, पण वेगळंच.

सोमवार, ६ ऑक्टोबर

रोहिणखेडचे भाऊराव आले होते, धाकट्या मुलाच्या पत्रिकेचं बोलायला. सबीहा बँकेत गेलेली. इकडंतिकडं पाहून म्हणतात, "सबीहाबाई जाऊन राह्यल्या म्हणे दुसरबीडले?"

मी म्हटलं, "कशाला? त्यांच्या दिराचं दुकान आहे तिथं, जात असतील भेटायला."

"नाही, मी आयकलं की बिऱ्हाडच..."

"भाऊराव, तुम्ही मागच्या साली ऐकलं होतं की मोताळ्याला रेल्वे येणार."

लोकांना काही धंदा नाही. सबीहाला सांगितलं असतं तर हसून लोळली असती, पण ती आली तेव्हा गर्दी होती, राहून गेलं.

संध्याकाळी भालचंद्र म्हणाले, "लग्नसराईत मी शाळा सुटल्यावर रोज येत जाईन दुकानात. तुला मदत होईल. प्रिंटर वगैरे मी बघेन." कोजागिरीचं दूध घोटत होते, मान वर न करता बोलत होते. मी ओळखलं. धाकट्या जावेकडं पत्ते आहेत ही बातमी त्यांना लागलेली दिसते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

वाहेदभाई दुकानात आले, सबीहाचे यजमान. कागदाच्या रिमांची रिकामी खोकी मागितली, असतील तेवढी. मी म्हटलं, वाहेदभाई, यंदा आमच्याआधी तुमच्याकडं दिवाळीची सफाई? ते म्हणाले, "हाव ताई, सफाईच समजा," आणि सबीहाकडं पाहून खोकी उचलून गेले. सज्जन माणूस, पण बोलायला फार लाजतात.

नवा पेनड्राइव्ह तयार आहे. सबीहानं सगळ्या पत्रिकांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलीय. मी म्हटलं, आता चार दिवसांसाठी कशाला, दिवाळीतल्या पाडव्याला बसवू, तोही मुहूर्तच...

"शरयू!" ती ओरडली. दुकानात एक मास्तर होते, तेही दचकले. "तुह्या पंचांगात माहा एकबी दिवस नाही का, वं?"

माहा एकबी दिवस. असं काहीतरी म्हणाली. मी इतकी चपापले की मंगळवार कबूल केला. मंगळवार, चौदा तारीख. आता तरी त्या पाटीची धास्ती मिटेल.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज बसवलं.

सकाळी शटर अर्धं ओढून बसलो. सबीहा शेजारी, हात मांडीवर. एकाही बटणाला तिनं बोट लावलं नाही. "वाच. मंग दाब." भाषा कोणती? मी मराठी निवडली. तिथल्या पाट्या इतक्या शुद्ध होत्या, की जन्मभर मराठी जुळवणारी मी दर ओळीला अडायला लागले. गुपचूप इंग्रजीवर आले. सबीहानं खिडकीबाहेर पाहिलं. जागा वाटून झाली. थोरलीला अर्धी, धाकटीला अर्धी. आपलं नाव? शरयू. परवलीचा शब्द? "मले नको दाखवू," म्हणून तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, तुला माहीत नको?

पत्रिका उघडल्या. सगळ्या. थोरल्या जावेच्या खोलीत सगळी घराणी जागेवर. मी टाळ्या वाजवल्या.

मग आणखी कोण वापरणार ते टाकायची जागा सापडली. मी स्वतः शोधली. तिथं सबीहाचं नाव टाकायला लागले, दोन अक्षरं झाली असतील, तिनं माझं मनगट धरलं.

"माहं नको."

"काऊन?" मीपण तिच्यासारखंच विचारलं, गमतीनं.

"मी कुठी हाय इथी. दिवाळी झाली की जाऊन राह्यलो आम्ही. दुसरबीडले. माह्या दिराच्या, शाकिरभायच्या कमरेचं ऑपरेशन झालं, त्याईच्यानं टायर उचलल्या जात नाही. माह्या नवऱ्याचं वेल्डिंगचं काम इथी तसंबी बसलंच हाय. हायवेवर दोघा भावाचं भागते."

"कधी ठरलं?"

"पोळ्याच्या आधी."

पोळ्याच्या आधी. मी गरजा पाहत होते.

"आणि मला आज सांगतेस?"

"आधी सांगतलं असतं, तर तू शिकली असती? घट सोडून रडत बसली असती. मी म्हटलं, पंधरा दिवसात शिकवून देतो अन् सांगतो. तर तू पितर काढले. मंग दसरा काढला. मंग कुंकू लावलं." ती हसायला लागली, आणि हसताहसता ओढणी तोंडावर घेतली.

मी काय बोलले ते लिहावंसं वाटत नाही. एवढंच लिहिते की मी म्हटलं, मला ही सिस्टिम आवडलेली नाही, काढून टाक.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दुकानात गेले नाही. भालचंद्रना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, वाहेदनं सांगितलं होतं, पण ज्याचं त्यानं सांगावं. मी म्हटलं, मग रोज संध्याकाळी येतो म्हणालात, ते पत्त्यांसाठी नव्हतं? इतक्या दुखावल्या चेहऱ्यानं बघितलं त्यांनी.

रविवार, १९ ऑक्टोबर

गेले चार दिवस आम्ही फक्त कामाचं बोलतोय. कागद अडकला. झाकण कुठलं? डावं. एवढंच. मी कॉम्प्युटरवर चिडून घेते, तिच्यावर चिडता येत नाही म्हणून. धाकटीचं बटण डाव्या कोपऱ्यात आहे, माझ्या सवयीचं. ते बटण दाबताना दरवेळी वाटतं, हे हिनं कोणासाठी निवडलं ते मला तेव्हा का कळू नये?

आज एक मास्तर प्रश्नपत्रिका घेऊन आले. मी एकटीनं जुळवली, छापली. अडले नाही. सबीहा मागं स्टुलावर बसून पाहत होती. मास्तर गेल्यावर म्हणाली, "मराठीचं झालं तुहं. उर्दूचं काय करशीन?"

"काही नाही. परत पाठवीन. बुलडाण्याला जा म्हणेन."

"इतक्या वर्षाचे गिऱ्हाईक माहे, तू बुलडाण्याले पाठवशीन?"

"तू नाही का चाललीस सोडून?"

बोलायला नको होतं. बोलले. तीही उठली, पण गेली नाही. खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि उर्दूचा कळफलक कसा सुरू करायचा ते दाखवलं. मी मुद्दाम दुसरीकडं बघत होते, तिनं हनुवटी धरून तोंड पडद्याकडं वळवलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

गेले. छोट्या टेम्पोत सामान, आमच्या रिमांच्या खोक्यांत तिची भांडी. मी फराळाचा डबा दिला. ती म्हणाली, "करंज्या तुह्या हातच्या हायत का भालचंद्र सरच्या?" भालचंद्र म्हणाले, माझ्या. "मंग देजा."

टेम्पो वळल्यावर मी दुकान उघडलं. यंत्रानं विचारलं, थोरली की धाकटी. मी बराच वेळ काही दाबलं नाही. मग ते आपोआपच धाकटीत गेलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लग्नसराई जोरात. काम जमतंय, हे मान्य करायला हवं. रोज एखादी फाईल हरवते, आणि आता ती मीच शोधते. भालचंद्र येतात, प्रिंटर पाहतात. पत्ते खेळत नाहीत. मी 'खेळा हो' म्हणते, तर म्हणतात, इथल्या पत्त्यांत मजा नाही.

उर्दूची दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनाही बुलडाण्याचा पत्ता सांगितला. सबीहाला फोनवर हे सांगितलं नाही. ती विचारते, "उर्दूचं काम येते का?" मी म्हणते, अजून नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मुजम्मिलचाचा आले. रोहिणखेडचे, सत्तरीपुढचे, हातात काठी, सोबत सून. नातीचा निकाह. हातानं लिहिलेला मजकूर, सुंदर अक्षर. मी म्हटलं, चाचा, सबीहा नाही आता, मला उर्दू येत नाही, बुलडाण्याला...

"बेटा, मोठ्या पोरीची पत्रिका इथंच झाली, पोराची इथंच झाली," ते खाली बसत म्हणाले. त्यांचे गुडघे दुखत होते. पुन्हा उठून बस धरा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी सबीहाला फोन लावला.

आधी तिनं मला सोलून काढलं. "मले खोटं बोलली? अजून नाही म्हणे!" मग म्हणाली, कागदाचा फोटो पाठव. दुसरबीडला अजून तिच्याकडं कॉम्प्युटर नाही, भोवती टायर आणि ट्यूब. मागं हायवेवरच्या ट्रकचे भोंगे. "उर्दू कळफलक चालू कर. दाखवला होता, तू तोंड फिरवून बसली होती." चालू केला. तिच्या हाताची मांडणी जुन्या टाइपरायटरची, बटणांवरच्या इंग्रजी अक्षरांशी त्या मांडणीचा काही संबंध नाही. तिनं एकेक बटण सांगायचं, मी दाबायचं. "अर्धविराम. जे. आता जागा. नाही, मोठी पट्टी दाब, जागा म्हटलं म्हणजे तू सरकून काय बसते?" तिला कसं दिसलं कोण जाणे. मी खरंच सरकले होते.

काय लिहितेय ते मला अजिबात कळत नव्हतं. माझ्या बोटाखालून अक्षरं उलट्या बाजूनं निघत होती आणि एकमेकींच्या गळ्यात पडत होती. सूनबाई कागद आणि पडदा ताडून पाहत होती आणि मान हलवत होती. दुपार गेली. शेवटी सबीहा म्हणाली, "झालं. आता खाली आणखीन दोन ओळी, पाहू छापायले बराबर येते का." त्याही टाकल्या. "आता छाप अन् चाचाले दे वाचायले. मी ठेवतो, गिऱ्हाईक आलं." फोन बंद.

चाचांनी चष्मा चढवला. मोठ्यानं वाचू लागले. अल्लाहचं नाव, मग वधूचं, वराचं, आजोबांचं, म्हणजे स्वतःचं, नाव वाचताना किंचित थांबले. मीच टाइप केलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. एकही चूक निघाली नाही. मग शेवटच्या दोन ओळींवर आले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा वाचलं, या वेळी माझ्याकडं पाहत:

"'ये टाइप करनेवाली बाई को उर्दू नहीं आती. ग़लती निकले तो इसे कुछ न कहना, मुझे फ़ोन करना. मेरी बहन है. और चाय पिलाना, इसने पानी तक नहीं पिया होगा.'"

सूनबाई पदरात तोंड लपवून हसायला लागली. चाचा हसले नाहीत. काठी टेकत दारापर्यंत गेले आणि समोरच्या हॉटेलवाल्याला हात केला.

चहा येईपर्यंत मला त्या दोन ओळी पत्रिकेतून काढायच्या होत्या. कुठून सुरू होतात तेच कळेना. सूनबाईनं पडद्यावर बोट ठेवलं, इथून इथपर्यंत. मी निवडल्या. डोळ्यांत पाणी आल्यामुळं दोनदा चुकीची ओळ निवडली गेली, आणि दोन्ही वेळा सूनबाईनं शांतपणे सांगितलं, "ताई, हा नवरदेव हाय, त्याले नका काढू."